‘कार्ड गेलं’ म्हणण्याआधी तापमान लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या पत्रव्यवहारात गंगापूर रोडच्या एका पालकांचं पत्र आलं होतं. मुलाच्या गेमिंग कॉम्प्युटरवर साठ-सत्तर हजार घातले, वर्षभरात तो तापून बंद पडायला लागला, दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग, बदलायला लावलं आणि आता नवीन कार्डही तापतंय. त्यामुळे असली यंत्रं घरात आणूच नयेत, असं त्यांचं म्हणणं. ते पत्र मी वाचलं तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर असंच एक कार्ड स्क्रू काढून उघडं पडलेलं होतं. खाली अंथरलेलं वर्तमानपत्र आपलंच होतं, त्यातच हे पत्र दिसलं. राग मानू नये.

मी सिडकोत राहतो. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसवर प्री-कूलिंग आणि कोल्ड स्टोरेजचा ऑपरेटर म्हणून माझे बावीस सीझन झाले. कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही, माझा फोनसुद्धा धाकटी लावून देते. पण एखादी गोष्ट तापते का आणि गार का होत नाही, यावर माझं पोट आहे. बागेतून तीस अंशांवर आलेला माल सहा-आठ तासांत चार अंशांपर्यंत उतरवायचा असतो. नाही उतरला तर देठ तपकिरी पडतो आणि शेतकऱ्याचं वर्षभराचं मुसळ केरात जातं.

कॉम्प्युटर धाकटीचा. अकरावीत असताना ‘कोडिंग शिकायचंय’ म्हणून घेतला. त्यावर कोडिंग किती झालं आणि गेम किती, हे विचारायचं आम्ही सोडून दिलंय. ग्राफिक्स कार्ड जुन्या बाजारातलं, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, २०२२ च्या दिवाळीनंतर एकोणीस हजारांना घेतलेलं. त्या वर्षी १५ सप्टेंबरला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते चलन ‘खणण्यासाठी’, म्हणजे आकडेमोड करून कमावण्यासाठी, रात्रंदिवस राबणारी कार्डं जगभर एकदम बेकार झाली. त्यानंतर जुन्या बाजारात कार्डांचा ढीग लागला. आम्हाला विकणारा म्हणाला, ‘घरी गेमिंगलाच वापरलंय.’ जुना ट्रॅक्टर विकणाराही ‘घरच्याच शेतात चालवलाय’ असंच सांगतो.

तीन वर्षं बरी गेली. यंदा मार्चपासून गेम सुरू करून दहा-बारा मिनिटं झाली की पंखे पिठाच्या गिरणीसारखे घुमायचे, चित्र अडखळायचं आणि मग पडदा काळा. एप्रिलमध्ये तर कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. माझा सीझन चालू होता, मला वेळ नव्हता. ही आणि धाकटी दोघी रिक्षात कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, घालून एका दुकानात घेऊन गेल्या. दुकानाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही, अशी दुकानं एकच नसतात. तिथे दहा मिनिटांत निकाल लागला. मुलगा म्हणाला, ‘बघा ताई, कार्डाचे पंखेच फिरत नाहीत. कार्ड गेलं. नवीन अठ्ठावीस हजारांत बसवून देतो.’ तपासणीचे पाचशे घेतले आणि पावतीवर ‘कार्ड डेड’ असं लिहून दिलं.

धाकटी घरी येऊन रडली नाही, चिडली. ‘बाबा, पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत हे पंखे बंदच राहतात, तसेच बनवलेत ते! त्याने गेम लावून बघितलंच नाही.’

हे मला पटलं. आमच्याकडेही कॉम्प्रेसर बंद दिसला म्हणून कोणी त्याला मेलेला म्हणत नाही. थंडावा पुरेसा असेल तर तो बंदच असायला हवा.

तर त्या शनिवारी आम्ही लॉगशीट लिहायला बसलो. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. कार्डाच्या आतल्या सेन्सरची सगळी तापमानं ते दाखवतं आणि फाइलमध्ये नोंदवूनही ठेवतं. मी माझी वही काढली, कारण फाइलवर माझा विश्वास नाही. खोलीचं तापमान ३६. गेम सुरू. दर मिनिटाला ती आकडे वाचायची, मी लिहायचो. नवव्या मिनिटाला चिपचं तापमान ८४ आणि ‘हॉटस्पॉट’ १०९. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा. एनव्हिडियाच्या अशा कार्डांना ८३ च्या आसपास लगाम असतो. त्यापुढे कार्ड स्वतःचा वेग कमी करत जातं, म्हणून चित्र अडखळतं. म्हणजे कार्ड मेलेलं नव्हतं, जीव वाचवायची धडपड करत होतं.

८४ पेक्षा मला खटकला तो दोन आकड्यांमधला फरक. दोन्ही आकडे एकाच चिपचे, चिप अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी, मग तिच्या एका जागी पंचवीस अंश जास्त कशाने? धाकटीने शोधून सांगितलं की हा फरक साधारण दहा-पंधरा असावा. आमच्या चेंबरमध्ये एका पॅलेटचा माल चार अंशांवर आणि त्याच पॅलेटमधली एक पेटी बारावर असली, तर मी मशीनला दोष देत नाही. त्या पेटीपर्यंत हवा पोचत नाहीये, हे उघड असतं.

पण हात लावण्याआधी कॅबिनेटचा दोष किती आणि कार्डाचा किती, हे वेगळं करायला हवं होतं. त्याला एक सोपी युक्ती आहे, पैसे लागत नाहीत. कॅबिनेटची बाजूची काच काढून ठेवायची आणि तोच गेम तेवढाच वेळ चालवायचा. तापमान धाडकन उतरलं तर कार्ड ठीक, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. काहीच फरक पडला नाही तर दुखणं कार्डाच्या अंगात. आमच्याकडे पाच अंश उतरले. म्हणजे दुखणं दोन्हीकडे होतं. आणि तो पंचवीसचा फरक? तो जसाच्या तसा, हॉटस्पॉट १०४.

आधी कॅबिनेट घेतलं. ते अभ्यासाच्या टेबलाखालच्या कप्प्यात होतं, तीन बाजू बंद. तो कप्पा मीच सुताराकडून करून घेतला होता, ‘वायरी दिसायला नकोत’ म्हणून. हा दोष माझ्या खात्यावर लिहावा. मग देवघरातून उदबत्ती आणली. चेंबरमध्ये हवा कुठून पळवाट काढते हे बघायला आम्ही धूरच वापरतो. उदबत्ती पुढच्या जाळीशी धरली, धूर आत गेला, बरोबर. मागच्या पंख्याशी धरली तर तिथेही धूर आत! पुढूनही हवा आत, मागूनही आत, आणि तापलेल्या हवेला जायला छतावरची चार भोकं. ज्याने कुणी कॅबिनेट जोडलं त्याने मागचा पंखा उलटा बसवला होता आणि साडेतीन वर्षं तो इमानेइतबारे उलटा फिरत होता. पंख्याची सुलट बाजू ओळखायला शिकावं लागत नाही. हवा उघड्या पात्यांकडून शिरते आणि जिकडे मोटर धरणाऱ्या दांड्या दिसतात तिकडून बाहेर पडते. चार स्क्रू काढून पंखा फिरवला, कॅबिनेट कप्प्यातून बाहेर आणलं. काच लावूनसुद्धा चिप ७९ वर थांबली. बाहेरचा दोष संपला.

आता कार्ड. ते उघडायला मी घाबरलो होतो हे कबूल करतो. शंभर टनी मशीन खोललंय, पण त्यात असे मुंगीएवढे स्क्रू नसतात. वीज बंद, वायर भिंतीतून काढलेली, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवलेली. कार्डाच्या पाठीवर चिपभोवती चार स्प्रिंगचे स्क्रू असतात, तेच चिपला थंडाव्याच्या ठोकळ्यावर दाबून धरतात. ते थोडे थोडे, समोरासमोरचे असे सैल करायचे, जीपचं चाक काढताना करतो तसे. ठोकळा ओढायचा नाही, अलगद पिळायचा. सुटला तेव्हा मला पहिल्यांदा त्या वस्तूबद्दल आदर वाटला. ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पत्र्यांचा गठ्ठा आणि त्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या. नळ्या पोकळ असतात, आत हवा काढून चमचाभरही नाही इतकं पाणी भरलेलं. चिपच्या टोकाला त्याची वाफ होते, पत्र्यांकडे जाऊन गार होते आणि नळीच्या आतल्या वातीसारख्या अस्तरातून पाणी परत येतं. कॉम्प्रेसर नाही, गॅस भरणं नाही, वीज नाही. आमच्या अख्ख्या प्लांटची गंमत बोटाएवढ्या नळीत बसवलीय!

पंखे आणि पत्रे यांच्या मध्ये करड्या लोकरीचा थर बसला होता, नखाने उचलला तर सलग निघाला. त्याला उदबत्तीचा वास होता आणि फोडणीचा चिकटपणा. देवघर आणि स्वयंपाकघर दोन्ही त्या खोलीला लागून आहेत. वर यंदा सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जिकडेतिकडे खोदाई, खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. ती धूळ कार्डाने साठवून ठेवली होती. मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ केलं. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवूनच हवा मारायची, मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंगची वाट लागते.

चिपवर लावलेली थर्मल पेस्ट पानाच्या डबीतल्या वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती. कडेला जाड, आणि मधोमध, जिथे ती सगळ्यात जास्त हवी तिथे, टक्कल. पंचवीसचा फरक तिथे राहत होता. ही पेस्ट जादूची नसते. धातू कितीही चकचकीत दिसला तरी त्यावर डोळ्यांना न दिसणारे खळगे असतात, खळग्यांत हवा राहते आणि हवा उष्णता अडवते. थर्माकोल काम करतो तो पोटातल्या हवेच्याच जोरावर. पेस्ट ती हवा हुसकावून जागा भरते, बस्स. कार्ड तापून गार होतं, पुन्हा तापतं, त्या आकुंचन-प्रसरणाने पेस्ट हळूहळू मधून कडेला सरकते. शेजारच्या मेमरी चिपांवर रबरासारखे मऊ पॅड असतात, त्यांतून तेल सुटून बोर्ड ओशट झाला होता. ‘घरी गेमिंगलाच’ वापरलेल्या कार्डातून इतकं तेल सुटेल असं मला वाटत नाही, पण पुरावा नाही, सोडून दिलं.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप पुसली, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. पॅडही नवे घातले आणि इथेच माती खाल्ली. दुकानात दोन मिलिमीटरचे पॅड होते, म्हटलं जाड असलेले बरे, जास्त दाबून बसतील. जोडून चालवलं तर चौथ्याच मिनिटाला हॉटस्पॉट शंभरच्या पुढे. आधीपेक्षा वाईट! धाकटी काही बोलली नाही, तिने फक्त त्या दुकानाची पावती टेबलावर माझ्यासमोर ठेवली.

पुन्हा उघडलं. पेस्टचा ठसा चिपच्या एकाच कोपऱ्यात उमटला होता, बाकीची पेस्ट अजून ओली, कुणी शिवलेलीच नाही. पॅड जाड असल्याने ठोकळा त्यांच्यावर टेकला आणि चिपपासून अधांतरी राहिला. पाय लांब असलेल्या पाटासारखं झालं, जमिनीला टेकणारच कसा? गंगापूर रोडच्या पालकांचं पत्र मी वाचलं ते या दिवशी.

मग मी सरळ त्या दुकानात गेलो. मालक नव्हता. तोच मुलगा बाहेर चहा पीत उभा होता. मी भांडायला आलोय असं त्याला वाटलं असावं. मी त्याला फोनवर ठशाचा फोटो दाखवला. त्याने चहा खाली ठेवला, फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, ‘काका, जुने पॅड फेकले का?’ फेकले होते, पण अजून घरच्या केराच्या डब्यातच होते. ‘मग व्हर्नियरने त्यांचा कोपरा मोजा. मधला भाग दबलेला असतो, तो खोटं सांगतो. चिपच्या बाहेर राहिलेली कड खरी. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं.’ मी विचारलं, ‘अरे, एवढं कळतं तर त्या दिवशी कार्ड डेड कसं लिहिलंस?’ तो म्हणाला, ‘काका, दिवसाला वीस मशीन येतात. कार्ड उघडून पेस्ट करायला दीड तास जातो, त्याचे पाचशे मिळतात. आणि उघडल्यावर बंद पडलं तर गिऱ्हाईक माझ्या गळ्यात पडतं.’ चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.

कड दीड मिलिमीटर भरली. दीडचे पॅड मागवले, ते यायला पाच दिवस लागले, त्या पाच दिवसांत आम्ही बापलेक पत्ते खेळलो. बसवल्यावर खोलीत ३४ असताना चिप ७१, हॉटस्पॉट ८३. फरक बारा. पंखे साठ टक्क्यांवर, गिरणी बंद. नंतर धाकटीने आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची विजेची मर्यादा ८५ टक्क्यांवर आणली. पूर्ण जोरात हे कार्ड १७० वॅट खातं, आणि खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. ८५ टक्क्यांवर तापमान आणखी चार अंशांनी उतरलं आणि खेळाचा वेग सेकंदाला ९२ चित्रांवरून ८९ वर आला. तो फरक मला तर दिसत नाही, ती म्हणते तिलाही नाही. तिने सेकंदाला ७५ चित्रांची कमाल मर्यादाही घातली, तिचा पडदा तेवढीच दाखवतो. त्याआधी गेमच्या नुसत्या मेनूवर कार्ड सेकंदाला चारशे चित्रं काढत बसायचं, दारात गाडी उभी करून ॲक्सिलरेटर पिळत बसावं तसं.

खर्च म्हणाल तर पेस्ट, अल्कोहोल, चुकीचे पॅड आणि बरोबर पॅड धरून चौदाशे रुपये. त्यात तपासणीचे पाचशे मिळवले तर एकोणीसशे. समोर अठ्ठावीस हजारांचा आकडा होता.

प्रत्येकाने घरी कार्ड उघडावं असं मी म्हणत नाही. वॉरंटी असेल तर मुळीच नाही, कंपनीकडेच पाठवावं. दुकानदारांना चोर म्हणायलाही हे पत्र लिहिलेलं नाही, दीड तासाच्या कामाचे पाचशे मिळत असतील तर तो मुलगा तरी काय करणार? त्याने हजार मागावेत, मी देईन. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘गेलं’ हा शब्द लिहिण्याआधी पावतीवर चार आकडे लिहावेत. खोलीचं तापमान, चिपचं तापमान, हॉटस्पॉट आणि पंख्याचा वेग, आणि ते किती मिनिटं चालवून घेतले. पंधरा मिनिटांचं काम आहे. आमचा द्राक्षाचा कंटेनर तापमान नोंदवणारं यंत्र आत ठेवल्याशिवाय बंदराकडे हलत नाही आणि पलीकडचा गिऱ्हाईक आधी तो आलेख बघतो, मग द्राक्ष. दोन रुपये किलोचा वाद असला तरी आकडे समोर ठेवावे लागतात. इथे अठ्ठावीस हजारांचा निवाडा होतो आणि आकडा एकही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळही काढलं. पण दुकानातल्या पावतीपुस्तकात आकड्यांसाठी चार रकाने छापून घ्यायला दिल्लीची वाट कशाला बघायची? शहरातल्या कॉम्प्युटर विक्रेत्यांनी मनावर घेतलं तर पुढच्या महिन्याची पावतीपुस्तकं तशी छापून येतील.

राहिलं गंगापूर रोडच्या पालकांचं. आपलं जुनं कार्डही तापत होतं आणि नवंही तापतंय असं आपण लिहिलंय. दोन वेगवेगळी कार्डं एकाच कॅबिनेटमध्ये तापत असतील तर माझा पहिला संशय कॅबिनेटवर आहे. ते कुठल्या कप्प्यात कोंबलंय का ते बघा, बाजूची काच काढून दहा मिनिटं चालवून बघा, मागच्या पंख्याशी उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते बघा. जुनं कार्ड भंगारात दिलं नसेल तर देऊ नका. आणि हे जमणार नसेल तर संपादकांकडे निरोप ठेवा. सीझन संपलाय, रविवारी मी मोकळा असतो. व्हर्नियर आणि वही मी आणेन, उदबत्ती तेवढी तुमच्या घरची.

आपला एक नियमित वाचक,
सिडको, नाशिक

(त्या मुलाची नोकरी जायला नको, म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.)